पाठमोऱ्या माणसाला हाक

लीना पेटकरच्या कागदांवरची माणसं पाठमोरी असतात.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या तिच्या उपचाराच्या दोन खोल्यांमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला हे खटकतं. भिंतीला चिकटवलेले, टेबलावर रचलेले, कापडी पिशवीतून डोकावणारे कागद. त्यांवर काळ्या रेघांनी काढलेली माणसं. कुणी हात वर करतंय, कुणी बाजेवर बसून पाय लांब करतंय, कुणी भिंतीला तळवे टेकून उभं आहे. चेहरा एकाचाही दिसत नाही. आपल्याशी काही बोलायचं उरलेलं नाही अशी ती सगळी पलीकडे बघत असतात.

त्यामागे एक चूक आहे. देवळीच्या एका सुताराला लकवा मारला आणि त्याची उजवी बाजू गेली. लीना माणसांची गेलेली वाचा परत आणायचं काम करते. शेजारच्या खोलीत मोहिनी ढोबळे हातापायांचे व्यायाम करून घेते. मोहिनीनं सुताराला घरी करायच्या व्यायामाचा छापील कागद दिला. कागदावरचा माणूस समोर तोंड करून उभा होता आणि उजवा हात वर करत होता. सुतारानं कागद खिडकीच्या गजाला बांधला आणि आरशापुढे उभं राहावं तसा त्याच्यापुढे उभा राहिला. चित्रातला हात ज्या बाजूला दिसला त्या बाजूचा स्वतःचा हात तो रोज उचलत राहिला. म्हणजे डावा. महिन्याभरानं तो आला तेव्हा चांगला हात आणखी चांगला झाला होता आणि गेलेला हात मांडीवर तसाच पडून होता.

"कागदात हाय तसंच केलं जी ह्यायनं," त्याची बायको म्हणाली. "एक दिवस चुकवला नाई."

मोहिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लीनानं मात्र तो कागद घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी आली तेव्हा कागदावरचा माणूस वळलेला होता. "आता याच्यामागे रांगेत उभं राहायचं," तिनं सुताराला सांगितलं. "हा जो हात उचलेल, तोच तुमचा."

तेव्हापासून तिची माणसं वळलेलीच आहेत.

लीना हिंगणघाटची. वडील तिथल्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. ती नागपूरला शिकली, पुण्याच्या एका इस्पितळात काही वर्षं राहिली, आणि लग्नानंतर वर्ध्याला आली. नवरा अभिराम कॉलेजात शिकवतो. येताना तिनं पुण्याहून कागदांचा एक जाड गठ्ठा आणला होता. कुणीतरी, कुठल्यातरी दूरच्या देशात, वाचा गेलेल्या माणसांसाठी तयार केलेले, कुणालाही उतरवून छापून घेता यावेत असे कागद. चित्र बघायचं आणि त्याचं नाव सांगायचं.

त्यात बर्फाचा माणूस होता. सेलूकडच्या एका म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत तो म्हणाला, "कापसाचं... बुजगावणं."

कागदासोबत आलेल्या उत्तरांमध्ये हे उत्तर नव्हतं. लीनानं त्याला पूर्ण गुण दिले आणि तो गठ्ठा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. मग ती स्वतः काढायला बसली. सांबार, म्हणजे बाकी महाराष्ट्र जिला कोथिंबीर म्हणतो ती. कूलर. बाज. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड. बैलबंडी. एसटीचा लाल डबा. चित्रकला तिला येत होती असं नाही. तिची गाय अजूनही थोडी कुत्र्यासारखी दिसते. पण ती माणसांना विचारायची, हे काय वाटतं, आणि ते चुकले की चित्र बदलायची. व्यायामाच्या चित्रातला बाण एका आजीला खांद्यात घुसलेला खरा बाण वाटला. "मले कायले मारून राह्यली वं?" असं आजीनं विचारलं, आणि लीनानं सगळे बाण खोडले. त्याऐवजी तिनं शेजारी शेजारी दोन चित्रं काढली. हात खाली, हात वर. मधली हालचाल माणसानं स्वतः पुरवायची.

कोपऱ्यावरच्या प्रफुलच्या झेरॉक्सच्या दुकानात हे कागद छापले जातात. लीनाची तिथली एक रीत आहे. नवीन चित्र झालं की ती झेरॉक्सची झेरॉक्स काढायला लावते, तिची पुन्हा झेरॉक्स, आणि तिचीही. रेघ तुटेपर्यंत. कागद गावात गेला की शेजारच्या पेशंटसाठी कुणीतरी त्याची नक्कल काढणार, तिच्यावरून आणखी कुणी. तिसऱ्या माणसाच्या हातात नुसता काळा डाग पडू नये, हा तिचा हट्ट.

"मॅडम, तुमच्या मानसायले तोंडं कवा येतीन?" प्रफुल दर वेळी विचारतो. "आले का मले सांगजा. पेढे वाटतो."

"आधी तुमच्या मशीनची पट्टी पुसा. प्रत्येकाच्या पाठीवर काळी रेघ येते."

"ते कुबड हाय जी. वयानं येते."

मनकर्णाबाई लीनाकडे आल्या त्या कापूस वेचून झाल्यावरच्या दिवसांत. वायगावच्या पुढचं त्यांचं गाव. वेचणी पुरी झाली, घरातला कापूस उचलला गेला, आणि दुसऱ्या सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या त्या एका बाजूला कलल्या. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा उजवा हात आणि पाय जड झाले होते आणि बोलण्यातलं सगळं जाऊन एकच शब्द उरला होता. "तेच."

चहा हवा का? तेच. दुखतं का? तेच. रडायला यायचं तेव्हाही तेच. आवाज मात्र दर वेळी वेगळा.

वाचा गेलेल्या माणसाच्या घरात शांतता येते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. घर मोठ्यानं बोलू लागतं. माणूस बहिरा झाल्यासारखे सगळे त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडतात, आणि उत्तर येत नाही म्हणून पुन्हा ओरडतात. तो मधे बसलेला असतो, सगळं ऐकत, सगळं समजत. बाहेर येण्याचं दार तेवढं भिंतीत लोप पावलेलं. मनकर्णाबाईंच्या घरात एकच माणूस ओरडला नाही. त्यांचा नवरा, रूपराव.

तोच त्यांना घेऊन यायचा. मुलगा रजत हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला, त्याला सुट्टी नाही. सून वर्षालीच्या मागे घर आणि शाळेत जाणारी अंकिता. म्हणून रूपराव. गावातून एसटीनं वर्धा, स्टँडवरून ऑटोनं बोरगाव. बायकोला जवळजवळ उचलून तो पायऱ्या चढवायचा आणि मग स्टुलावर बसून दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. टक्कल पडलेला, मोठाल्या कानांचा, उन्हानं रापलेला माणूस. लीनानं घरी करायला दिलेला प्रत्येक कागद तो करून घ्यायचा. हात उचलायची चित्रं असोत की नाव सांगायची. वर्षाली सासऱ्यांबद्दल लीनाला फोनवर म्हणाली होती, "मामाजी वावरात जातात तवाबी कागद खिशात घेऊन जातात. सासूबाईले म्हनतात, मी येतोवर सांबार पाठ कर."

आणि शब्द येऊ लागले. हळू, ओले, वाकडे. पाणी. चा. बाज. लीनाला पुढच्या कागदाची घाई झाली. हा कागद ती प्रत्येकासाठी वेगळा करते. त्यात घरची माणसं असतात. रजतनं मोबाइलवर फोटो पाठवले, तिनं ते छापून घेतले, प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरांत नाव. ही चेहऱ्यांची एकच जागा तिच्या कामात आहे.

"मावशी, हा कोण?"

मनकर्णाबाईंचे ओठ जुळले, सुटले. "र... जत."

"वा! आणि ही?"

"अंकी."

रूपराव स्टुलावर पुढे सरकला. लीनानं त्याच्या फोटोवर बोट ठेवलं. खाली लिहिलं होतं, रूपराव.

"आणि हे कोण?"

मनकर्णाबाईंनी फोटोकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. 'तेच'सुद्धा आलं नाही.

"पाह्य ना, मनकर्णा," रूपराव हळूच म्हणाला. "मी हाय ना."

मान आणखी खाली गेली. लीनानं कागदाच्या कडेला बारीक फुली मारली. होतं असं कधी कधी. एखादं नाव मागाहून येतं.

ते मागाहूनही आलं नाही. वर्षाली आलं, गावातल्या बहिणीचं नाव आलं, शेजारच्या गाईचंही आलं. रूपराव पुढच्या खेपेला दाढी करून आला. त्यानंतरच्या खेपेला फोटोत होता तोच निळा चौकडीचा शर्ट घालून आला, म्हणजे तिला ताडून बघता येईल. फोटोशेजारी तोंड नेऊन तो फोटोसारखाच ताठ, न हसता बसला. मोहिनी दारातून बघून हसली आणि मग तिला हसवेना. मनकर्णाबाईंनी पदर सावरला आणि भिंतीवरच्या पाठमोऱ्या माणसांकडे बघितलं.

फुल्या वाढत गेल्या. मग रूपराव आत येईनासा झाला. बायकोला खुर्चीत बसवायचा आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. ऊन वाढायला लागलं होतं, पायरी तापायची. लीना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायमाले मी नाई येत. वखराचं काम हाय."

"मग मावशींना कोण आणणार?"

"रजत आनन."

रजत आणू शकत नाही हे दोघांनाही माहीत होतं. रूपराव आला नाही तर मनकर्णाबाई येणार नव्हत्या, आणि घरी कागद करून घेणारंही कुणी उरणार नव्हतं. जे थोडे शब्द विहिरीच्या काठाशी आले होते ते परत खाली जाणार होते. लीनानं असे शब्द परत जाताना पाहिले होते. त्यांचा आवाजही होत नाही.

"काकाजी, असं मधेच सोडू नका. त्या सुधारताहेत."

"सुधरून राह्यली, मले दिसते ना. सारे सापडले तिले." त्यानं तांब्याची धार वरून तोंडात धरली, दोन घोट घेतले. "गाय सापडली. मीच हारपलो."

लीना त्याच्याशेजारी पायरीवर बसली. काय बोलावं ते सुचलं नाही की ती नेहमी प्रश्न विचारते.

"मावशी तुम्हाला हाक कशी मारायच्या?"

"हाक? कायची हाक?"

"म्हणजे नाव घेऊन..."

तिनं काही भलतंच विचारल्यासारखं रूपरावनं तिच्याकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "नाव घेते का कोनी मॅडम! लग्नात घेतलं असन एकडाव, बायायनं अडवून धरलं म्हनून. मंग कायले घेते?"

"मग काय म्हणायच्या?"

"काई नाई. अवो म्हने."

आपण काय सांगितलं ते त्याच्या ध्यानात आलं नाही. लीनाच्या आलं. स्वतःच्या आईनं वडिलांना जन्मभर 'अहो'शिवाय काही म्हटलं नव्हतं; ती स्वतः अभिरामला अभिराम म्हणते. जुनी रीत तिला माहीत नव्हती असं नाही, पण ज्या रस्त्यानं आपण जात नाही त्याचं वळण विसरतं. आत टेबलावर तो कागद पडला होता. 'रूपराव' ही अक्षरं तिनंच मोठी, ठळक करून घेतली होती. उभ्या आयुष्यात जे नाव या बाईनं ओठांवर आणलं नाही, ते परक्या माणसांपुढे, खुद्द नवरा समोर बसलेला असताना, घ्यायला लावत होतो आपण. ती लाजत होती. आपण फुल्या मारत होतो.

"काकाजी, चूक माझी आहे. त्या तुम्हाला विसरल्या नाहीत. विचारू नये ते मी विचारलं." तिनं समजावून सांगितलं.

रूपरावनं ऐकून घेतलं. भलेपणानं मान हलवली. मग म्हणाला, "ठीक हाय जी. नाव नाई घेत. पन अवो तरी म्हनते का? दिवसभर मी तिच्यासमोर फिरतो. एकडाव नाई म्हटलं."

 लीनानं एवढंच मागून घेतलं की आणखी थोडे दिवस यायचं. वखर थांबू शकतो. तो बरं म्हणाला, पण आत काही आला नाही.

आता तिच्यापुढचा प्रश्न साधा होता आणि त्याला हात घालायला जागा नव्हती. बाजेचं चित्र काढता येतं, गाईचं काढता येतं, 'अवो'चं काय काढणार? ती वस्तू नाही, ते नावही नाही. ती नुसती एक दोरी आहे, एका माणसाकडून दुसऱ्याकडे फेकलेली. तिनं फोटोखालचं नाव खोडून तिथे 'अवो' छापून आणलं. मनकर्णाबाईंनी तो कागद पाहिला, मान खाली घातली, आणि बोटानं कागदाची कड सरळ करत राहिल्या.

पुढच्या खेपेला रूपराव पिशवी ठेवायला म्हणून आत आला. बायकोच्या पायाशी पिशवी ठेवली, काही बोलला नाही, वळला आणि दाराकडे चालू लागला. लीना कागद लावत होती. तिनं सहज वर पाहिलं आणि हात थांबले. मनकर्णाबाई बघत होत्या. तो समोर असताना ज्या नजर उचलत नव्हत्या, त्या आता त्याच्या पाठीकडे सरळ, डोळे भरून बघत होत्या. दारातल्या उजेडात त्याचे मोठे कान लालसर दिसत होते. मनकर्णाबाईंचे ओठ किंचित उघडले. तो बाहेर गेला आणि ते मिटले.

समोर असलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. त्याच्याशी बोलतात. हाक असते जाणाऱ्यासाठी. भिंतीवर इतकी वर्षं पाठमोरी माणसं लावून ठेवली होती, आणि तरी हे लक्षात यायला त्या म्हाताऱ्याला दारातून बाहेर जावं लागलं.

लीना त्याच्यामागे पायरीवर गेली.

"काकाजी, तुम्ही घरातून निघताना काय विसरता?"

"मी? मी काई नाई इसरत."

"खरं सांगा."

तो कानामागे खाजवू लागला. "दुपट्टा इसरतो कधी कधी. उन्हाळ्यात. डोक्याले बांधाचा राह्यते ना, तो खुटीवरच राह्यते."

"मग?"

"मंग काय? चुलीपासून ओरडते. अवो! दुपट्टा! मी मंग वापस येतो. ती वरून बोलते दहा गोष्टी, खिशात कांदा टाकते, ऊन लागू नये म्हनून. रोजचंच हाय." तो थांबला. "रोजचंच होतं."

"उभे राहा जरा. नाही, असे नाही. तिकडे तोंड करून."

ती कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यामागे पायरीवर बसली. रस्त्यावरून जाणारे लोक बघायला लागले.

"मॅडम, तोंड नाई काढत माहं?"

"नाही."

"मंग मी हाय म्हनून तिले कसं समजन?"

"तुम्हाला तुमची पाठ माहीत नाही, काकाजी. त्यांना माहीत आहे."

चित्र तयार झालं ते चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून. खाली कोपऱ्यात चुलीचा काठ आणि तव्याची अर्धी कड. मधे दार. दारापलीकडे काही नाही, कोरा कागद, कारण मे महिन्यात त्या दारापलीकडे पांढऱ्या उन्हाशिवाय काही नसतंच. उंबऱ्यात बाहेर निघालेला माणूस, उघडं टक्कल, दोन मोठे कान. आणि दाराशेजारी खुंटीवर लोंबणारा दुपट्टा.

प्रफुलनं झेरॉक्सची झेरॉक्स काढली, तिची पुन्हा काढली. रेघा टिकल्या. त्यानं कागद लांब धरून बघितला आणि नेहमीचा विनोद केला नाही.

"हे ओयखीचं वाटून राह्यलं मॅडम," तो म्हणाला. "माहा बाप असाच जाये बाहीर."

कागद मनकर्णाबाईंपुढे ठेवला त्या दुपारी रूपराव कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेला होता. लीनानं काही विचारलं नाही. हा कोण, नाही. हे काय, नाही. नुसता कागद ठेवला आणि स्वतःची खुर्ची मागे ओढली. कूलर घरघरत होता. मनकर्णाबाईंनी तवा पाहिला, दार पाहिलं. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि बोट खुंटीवर जाऊन थांबलं. तिथून ते उघड्या टकलावर गेलं. परत खुंटीवर. कपाळाला आठी पडली. वैतागलेल्या, कामात असलेल्या बाईची आठी.

"अवो!"

आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या खोलीतून मोहिनी पेशंटचा पाय हातात धरून तशीच ओरडली, "काय झालं?"

"अवो! दु... दु..." बोट खुंटीवर आपटत होतं.

लीना अनवाणी बाहेर पळाली. रूपराव रसाचा ग्लास सांभाळत येत होता, बायकोसाठी. तिनं त्याला जवळजवळ ओढतच आणलं. पण तो समोर येऊन उभा राहिला आणि मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. लीनानं कागद पुढे सरकवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "तेच."

"म्हनली?" रूपरावनं विचारलं.

"म्हणाल्या. मोहिनीनंसुद्धा ऐकलं."

"तुमी आयकलं?"

"हो."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि रसाचा ग्लास बायकोच्या ओठांना लावला. ठीक नव्हतं. आपल्याला मारलेली हाक दुसऱ्यांनी ऐकून आपल्याला सांगावी, यात ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

लीनाला त्या दिवशी स्वतःच्या कागदाची हद्द कळली. कागद शब्दाला दारापर्यंत आणू शकतो. पलीकडे खरा माणूस जाताना हवा. तिनं मनकर्णाबाईंच्या घरी न्यायच्या कागदांतून तो कागद काढून घेतला.

"काकाजी, आता कागद नको. घरून निघताना दुपट्टा खुंटीवर राहू द्या."

पुढच्या खेपेला तो मान हलवतच आत आला. "नाई होत मॅडम. ती हासते."

"हसतात?"

"मी दुपट्टा सोडून निंगतो, दारात थांबतो, मांगं वळून पाह्यतो, म्हनते का. ती हासते. नाटक करून राह्यलो, समजलं तिले."

मोहिनी आतून म्हणाली, "काकाजी, तुम्हाला अ‍ॅक्टिंग शिकवायला पाहिजे."

"तुमी नका वळू मागे," लीना म्हणाली. या माणसांत बसून तिची हिंगणघाटची भाषा आताशा अशीच मधेमधे परत येते. "आणि नाटक करू नका. खरंच विसरा."

"इसरू कसा? आता दिवसभर थेच ध्यानात राह्यते!"

पण हसू आलं होतं. लकव्यानंतर मनकर्णाबाई हसल्या होत्या, तेही नवऱ्याला. त्या दिवशी रूपराव पायरीवर बसला नाही, स्टुलावर बसला.

मे महिन्याच्या शेवटाकडे ऊन असं झालं की दुपारी बोरगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मोहिनीच्या खोलीत भिंतीला हात न लावता पहिल्यांदा चार पावलं टाकली, समोरच्या भिंतीवरच्या पाठमोऱ्या बाईमागे, रांगेत. रूपराव इतका हरखला की तो प्रत्येक पावलाबरोबर स्वतःही पाऊल टाकत होता. त्या लीनाच्या खोलीत परत येऊन खुर्चीत बसल्या तोच बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. सांगून ठेवलेला ऑटोवाला. तो थांबत नाही, आणि तो गेला तर वायगावची बस गेली.

"थांब ना बावा! आलो!" रूपराव ओरडला. पिशवी उचलली, बायकोला हातानं इथेच बस असं खुणावलं आणि ऑटो अडवायला धावला.

दुपट्टा स्टुलावर होता.

लीनानं तो पाहिला. पांढरा, घामानं कडक झालेला. रूपराव उघड्या डोक्यानं त्या उन्हात गेला होता आणि त्याला खरोखर माहीत नव्हतं. तिचं तोंड उघडलं. 'काकाजी' ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं.  माणसांना बोलतं करायच्या कामात सगळ्यात कठीण काय असेल तर ते हे, आपण न बोलणं. दारातून मोहिनी पुढे होत होती, तिला तिनं नजरेनं थांबवलं.

मनकर्णाबाई दाराकडे बघत होत्या. दारात पांढरं ऊन होतं. त्यात तो फाटकापर्यंत पोचला होता. टक्कल, मोठे कान, डाव्या खांद्यावर पिशवी. फाटकाची कडी त्यानं काढली. आणखी एक पाऊल, आणि तो भिंतीआड जाणार.

"अवो!"

रूपराव थांबला. वळला नाही. तसाच पाठमोरा उभा राहिला, एक हात फाटकावर. त्याची मान जरा खाली गेली आणि खांदे वर आले. खोलीतल्या तिघींनाही त्याचं तोंड दिसत नव्हतं.

मग न वळताच तो म्हणाला, थोडा त्रासून, घाईत असलेल्या माणसानं रोज म्हणावं तसं, "काय वं?"

"दु... पट्टा!" मनकर्णाबाईंनी डाव्या हातानं स्टुलावरून तो ओढला. आणि मग एका दमात, खालच्या पट्टीत, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, एक लांबलचक बोलणं आलं. त्यातला एकही शब्द लीनाला कळला नाही. वरून बोलते दहा गोष्टी, असं त्यानं सांगितलं होतं, त्या असाव्यात. रूपरावला कळल्यासारखं दिसलं. तो परत आला, बायकोपुढे वाकला, आणि तिनं एका हातानं टाकलेला दुपट्टा डोक्यावर घेऊन बांधू लागला. 

"मॅडम," तो लीनाकडे न बघता म्हणाला, "तो कागद हाय ना, माह्या पाठीचा. दुसऱ्या पेशंटले द्या. कामी येईन."

"नाही येणार, काकाजी."

"काऊन?"

"दुसऱ्याच्या घरी दुसरं काही विसरत असतील. ते त्यांना विचारून काढावं लागेल."

रूपरावनं यावर थोडा विचार केला आणि ते त्याला पटलं. बाहेर ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मनकर्णाबाई नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशावर हात मारून तो रिकामा असल्याचं दाखवत होत्या. कांदा घरी राहिला होता.

"हो, आयकलं," तो म्हणाला. "उद्या टाकजो."

हॉर्न पुन्हा वाजला. रूपरावला मात्र घाई नव्हती.